तुळईतलं कडं

माझ्या पडण्याच्या चार आवृत्त्या आमच्या गावात चालू आहेत. पहिलीत मी कृष्णेच्या काठाला मोटार चालू करायला गेलेलो असतो आणि मगर माझं धोतर धरते. मी धोतर नेसत नाही हे ऐकणाऱ्याच्या ध्यानात येईपर्यंत मगर मला अर्ध्या नदीत घेऊन गेलेली असते. दुसरीत उसानं भरलेली ट्रॉली माझ्या अंगावर उलटते, मी ती पाठीवर पेलून धरतो आणि तेवढ्यात खालून दोन शेरडं सुखरूप निघून जातात. तिसरी बिबट्याची. ती मी फक्त बाहेरगावच्या माणसांना सांगतो, कारण गावात लगेच 'कवा? कुठल्या रानात?' विचारणारे लोक आहेत. चौथी आवृत्ती माझ्या बायकोची आहे. दिवाळीत आकाशकंदील टांगायला स्टुलावर चढलो आणि स्टुलासकट खाली आलो. ही खरी असल्यामुळे फारशी चालली नाही.

पण पडलो ते असं नेमकं की कमरेखालचा सगळा मुलूख माझ्या हुकमाबाहेर गेला. वरचा मुलूख मात्र तेजीत आला. दंड असे फुगले की पलूसच्या बाजारात शर्ट मिळेना, आणि जिभेचं तर विचारूच नका.

तेव्हापासून आमचं घर एका दोरावर चालतं. पलंगाच्या बरोबर वर, तुळईला, एक लोखंडी कडं ठोकलेलं आहे आणि त्यात दोर. बाजारातल्या नायलॉनच्या दोरानं तळहात सोलून निघायला लागले तेव्हा बायकोनं तिच्या तीन जुन्या साड्या काढून दिल्या. एक अंजिरी, एक हिरवी, एक हळदीच्या रंगाची. त्या पिळून मी बसल्या जागी तिपेडी दोर वळला. दोर वळणं हे माझं पहिल्यापासूनचं काम. मी वळलेल्या दाव्याला बांधलेला बैल म्हातारा होऊन मेला, दावं तसंच राहिलं. त्या दोराला धरून मी छातीपर्यंत वर यायचो. मग बायको तिचा उजवा खांदा माझ्या काखेत घालायची, तोंडानं एक "हं" करायची आणि मी चाकाच्या खुर्चीत. अर्धं काम दोराचं, अर्धं तिचं, असं मी सगळ्यांना सांगायचो. दोराचा वाटा चिमूटभर होता.

मग त्या खांद्यानं बंड केलं. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं की आतला स्नायू फाटलाय, ऑपरेशन करावं लागेल, आणि त्यानंतर काही महिने भाकरीच्या तव्यापेक्षा जड काही उचलायचं नाही.

बायको म्हणाली, "तव्यापरास जड घरात एकच वस्तू हाय डाक्टर, आन ती बोलती."

आणि घरी येऊन तिनं मला उचललं.

ऑपरेशनचं नाव काढलं की ती कामाला लागायची. मी म्हणायचो, कोणीतरी माणूस ठेवू. माणूस होताही. शेजारी. आयुष्यभर कारखान्याच्या ट्रॉल्या भरलेला गडी, उसाची मोळी अशी खांद्यावर टाकायचा जसा आपण टॉवेल टाकतो. तो यायला तयार होता. पण रोज सकाळ-संध्याकाळ माझ्याकडे यायचं तर त्याला बाहेरचं काम सोडावं लागणार, आणि काम सोडलेल्या माणसाच्या घरात चूल तर पेटली पाहिजे. तेव्हा साताऱ्यात नर्सिंगची नोकरी करणाऱ्या आमच्या पोरीनं कुठूनसं हुडकून काढलं की माझ्यासारख्या, दुसऱ्याच्या हातावर उठणाऱ्या-बसणाऱ्या माणसाला मदतनीस ठेवण्यासाठी सरकारी भत्ता मिळू शकतो. अर्ज तिनंच भरला. एक दिवस फोन आला, तपासणीला घरी माणसं येतील, पेशंटला खरोखर किती मदत लागते ते बघायला.

म्हणजे गोष्ट एवढीच होती. त्यांनी 'हो' लिहिलं तर शेजारी येणार, आणि शेजारी आला तर बायकोचा खांदा वाचणार. 'नाही' लिहिलं तर ती मला त्याच खांद्यावर उचलत राहणार, खांदा निखळून हातात येईपर्यंत. ह्यात माझ्या पदरची एकही थाप नाही.

बायकोनं ही बातमी तिच्या भावाला सांगितली, आणि इथं घोटाळ्याला सुरुवात झाली.

माझा मेव्हणा फौजेतून सुभेदार होऊन साताऱ्याला घर बांधून राहिलेला. बायकोपेक्षा लहान, पण मिशी तिच्यापेक्षा थोरली. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एस.टी.नं तो पत्र्याची ट्रंक घेऊन हजर झाला. दारात उभं राहून त्यानं घरावरून नजर फिरवली आणि म्हणाला, "दाजी, इन्स्पेक्शन हाय. आसं चालनार न्हाई."

"पाव्हणं, इन्स्पेक्शन माझं हाय, घराचं न्हाई."

"घर बगूनच मानूस वळाकत्यात."

मग जे सुरू झालं ते मी कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं, आणि मला ह्याची सवय असूनही वाईट वाटतं. अंगणातल्या प्रत्येक झाडाला चुना आणि गेरूचे पट्टे ओढले गेले. कुंड्यांना ओढले. नळाला ओढले. शेजाऱ्याचं कुत्रं दोन दिवस आमच्याकडे फिरकलं नाही. दारातल्या दोन पायऱ्यांवर विटा-सिमेंटचा उतार बांधला, कारण साहेबलोकांना व्हीलचेअरसाठी रॅम्प आवडतो असं त्याला ठाऊक होतं. उतार इतका खडा झाला की पहिल्या चाचणीत मी खुर्चीसकट सुटलो तो थेट पलूसच्या स्टँडवर पोचलो असतो. शेजाऱ्याची म्हैस आडवी आली म्हणून गावात राहिलो.

एवढ्यावर थांबलं असतं तर चाललं असतं. पण तपासणीच्या आदल्या दिवशी बायको स्वतःच कमोडची खुर्ची उचलून बाहेर निघाली.

"कुठं घिऊन चाललीस?"

"शेजारच्या गोठ्यात. मानसं यायची, आन हे मधी?"

आपल्याकडे घरात कोणी 'बघायला' येणार म्हटलं की डोकं एकाच दिशेनं चालतं. पोरगी बघायला येऊ देत, नाहीतर दुखणं बघायला, फाटकी चादर आधी आत जाते. खुर्चीमागून लघवीचं भांडं गेलं. अंगाखालची रबरी चादर गेली. पलंगावरून खुर्चीत सरकायची गुळगुळीत फळी गेली. शेवटी सुभेदारानं पलंगावर उभं राहून कड्यातला दोर सोडवला.

बायको म्हणाली, "दोर ऱ्हाऊ दे की रं."

"आक्का, बगनाऱ्याला काय वाटंल? घरात फाशीचा दोर टांगलाय म्हनत्याल."

दोरही गोठ्यात गेला.

संध्याकाळी रंगीत तालीम झाली. सुभेदार डॉक्टर झाला. "हां, बोलो जवान, क्या तकलीफ है?"

मी असं विव्हळायला लागलो की गल्लीतून दोघीजणी पळत आल्या, आणि एकीनं तर पदर डोळ्याला लावला. बायकोनं हात जोडले. "आवं, तुमी उद्या तोंड उगडू नगा. तुमी बोल्ला की खरं सुदीक खोटं वाटतंय."

सुभेदार म्हणाला, "रडू नगा दाजी. छाती काढून बसा. आमी समदी नोकरी कंबर धरून काढली, पर मेडिकलला डाक्टरनं इचारलं की एकच जवाब, 'फिट है साब!'"

"पाव्हणं, मला अनफिट व्हायचंय."

तो विचारात पडला. अनफिट कसं व्हायचं हे त्याला फौजेत कोणी शिकवलेलं नव्हतं.

तपासणीच्या सकाळी मला कडक इस्त्रीचा सदरा घातला, गुळगुळीत दाढी केली आणि सुभेदारानं ट्रंकेतून आहेरातला केशरी फेटा काढून माझ्या डोक्याला बांधला. तुरा असा की तुळईला टेकायला बोटभर कमी. पलंगावर नवी चादर, पाठीशी लोड. मी आरशात बघितलं आणि मलाच वाटलं, ह्या माणसाला भत्ता कशाला, ह्यानंच दोघातिघांना द्यावा.

जीप आली. एक डॉक्टरबाई आणि त्यांच्यासोबत पिशवी घेतलेले एक गृहस्थ. बाई पन्नाशीच्या असतील, केस पांढरे, पायात साध्या चपला. उताराकडे एक नजर टाकून त्या बाजूनं चढल्या. चुन्याचे पट्टे बघितले, सुभेदाराचा सलाम घेतला, मला नमस्कार केला आणि फेट्याकडे बघत म्हणाल्या, "कुठलं लग्न आहे का आज?"

"तुमी येनार म्हनून," मी म्हणालो.

त्या हसल्या. खुर्ची पलंगाजवळ ओढून बसल्या. "कसे पडलात?"

"त्याचं आसं झालं मॅडम, कृष्णंचं पानी उतारलं हुतं, मी मोटार बगाया खाली गेलो, तर एक मगर..."

"स्टुलावरनं!" आतून आवाज आला.

"आणि मगर?" बाईंनी विचारलं.

"ती नंतर आली."

गृहस्थांनी लिहायचं थांबवलं. बाईंनी त्यांना खुणेनं 'स्टूल' एवढंच लिहायला सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बरं, सकाळी पलंगावरून खुर्चीत कसे जाता?"

आता बघा. दारात गल्लीतल्या बाया उभ्या. भिंतीला सुभेदार सावधानमध्ये. समोर परकी बाईमाणूस. आणि माझ्या डोक्यावर फेटा. फेटा बांधलेल्या माणसाच्या तोंडून 'मला येत नाही' हे शब्द बाहेर पडल्याचं मी तरी उभ्या सातारा-सांगलीत ऐकलेलं नाही.

"जातो की," मी म्हणालो. "एक हात हिकडं, एक तिकडं, की टुनकन!"

"टुणकन?"

"टुनकन."

सुभेदाराची मिशी फुलली. आत स्वयंपाकघरात एक भांडं वाजलं. ते पडलं नव्हतं, ठेवलं होतं.

"आंघोळ, संडास?"

"समदं जितल्या तितं."

बाईंनी मान हलवली आणि घर बघायला लागल्या. घर चकचकीत होतं. औषधाची बाटली नाही, भांडं नाही, फळी नाही. असं वाटत होतं की ह्या घरात आजपर्यंत कोणाला शिंकसुद्धा आलेली नाही. बघत बघत त्यांची नजर वर गेली आणि तुळईला थांबली.

"ते कडं कशाला?"

"पाळन्याचं हाय."

"अरे वा. नातू की नात?"

"अजून न्हाई. पोरीचं लगीन व्हायचंय."

"ठरलंय?"

"ठरंल की. स्थळं बगाया लागायचंय."

"आणि पाळण्याचं कडं आत्ताच?"

"आमी लांबचा इचार करतो, मॅडम."

त्या उठल्या, कड्याखाली येऊन मान वर करून नीट बघितलं. "झिजलंय की हो. खालच्या बाजूनं चकाकतंय. पाळणा न बांधताच?"

"आमच्याकडं वारं लय हाय," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. दारातली एक बाई फिसकन हसली.

डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. खुर्चीत बसल्या आणि अगदी सावकाश म्हणाल्या, "ठीक आहे. मग एकदा करून दाखवा ना. टुणकन."

मी घसा खाकरला. सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या. आणि सवयीनं माझा उजवा हात वर गेला, दोर धरायला. दोर तिथं नव्हता. फेटा बांधलेला मी, एक हात हवेत, मूठ वळलेली. चौकात पुतळा बसवतात तसा. हात खाली घेऊ की वर ठेवू कळेना.

तेवढ्यात बायको बाहेर आली. पदर खोचला, माझ्या शेजारी वाकली, उजवा खांदा काखेत घातला. तिचं "हं" अजून यायचं होतं.

"थांबा," बाई ताडकन उठल्या. "थांबा, उचलू नका. ताई, तुम्ही सरळ उभ्या राहा बघू. हा हात वर करा."

बायकोनं उजवा हात उचलला. छातीच्या जरा वर आला आणि तिथं थांबला. ओठ दातात धरलेले.

"एवढाच?"

"एवडाच जातोय. पर उचलाया वर कशाला न्यायला लागतोय, खालनं जोर लागतोय."

बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग त्यांनी जे विचारलं ते कुठल्या सरकारी प्रश्नात बसतं मला ठाऊक नाही. "ताई, तुमचे केस कोण विंचरून देतं?"

बायको हसली. "केसाला काय हुतंय? डाव्या हातानं गोळा करायचं आन गाठ मारायची."

"वेणी?"

"वेनीला दोन्ही हात मागं न्यायला लागत्यात. लय दिस झालं."

लग्नात माझ्या बायकोची वेणी कमरेखाली होती. मी तर सांगायचो की विहिरीवर पोहरा विसरला तरी आमचं अडत नाही, हिची वेणी सोडायची आणि पाणी काढायचं. ही गोष्ट मी अजूनही सांगत होतो. आदल्या आठवड्यात सांगितली होती. आणि वेणी कधीच गेली होती, मानेवर एक वाकडीतिकडी गाठ होती, आणि ती गाठ रोज सकाळी माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर यायची, ती मला उचलायला वाकली की.

मी फेटा काढला. कोणी सांगितलं नाही, मीच काढला आणि मांडीवर ठेवला.

"ह्या कड्यात जे काय होतं," बाई सुभेदाराकडे वळून म्हणाल्या, "ते घेऊन या."

सुभेदारानं मागे वळ केलं आणि धावत सुटला.

तिकडे गोठ्यात शेजाऱ्यानं काय केलं होतं ते ऐका. एवढा मऊ, सुरेख, तिरंगी दोर फुकट पडलेला बघून त्यानं त्याला रेडकू बांधलं होतं. सुभेदारानं गाठ सोडायचा प्रयत्न केला. माझ्या दोराची गाठ ती, सुटते कसली? शेवटी तो रेडकासकट निघाला. रेडकू निघालं म्हणून मागनं म्हैस निघाली. म्हैस निघाली म्हणून शेजारी निघाला, आणि रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून त्यानं कमोडची खुर्ची डोक्यावर घेतली, फळी काखेत मारली, भांडं हातात. लग्नात नवरीच्या मांडवात रुखवत येतं ना, तसं माझं सगळं आजारपण गल्लीतून मिरवत आलं. आमच्या रॅम्पवरून पहिल्यांदा कोण चढलं असेल तर ती म्हैस. तिला मात्र तो उतार पसंत पडला.

बाई हसल्या ते डोळ्यात पाणी येईपर्यंत. त्यांच्या सोबतच्या गृहस्थांनी म्हशीला हुसकावलं, तेवढंच त्यांचं मी ऐकलेलं बोलणं.

रेडकाची गाठ शेवटी मीच सोडली आणि दोर कड्यात गेला. रबरी चादर पलंगावर आली, खुर्ची कोपऱ्यात आली. घर पुन्हा आमचं दिसायला लागलं. बाईंनी सगळे प्रश्न परत पहिल्यापासून विचारले.

"स्वतः उठून बसता येतं?"

"दोर धरून निम्मा. पुढं ही."

"खुर्चीत?"

"न्हाई. ही नेती."

"संडासला?"

"ही नेती."

"कूस बदलायला?"

"ही उठती अन् बदलती."

"ह्या घरात नसल्या तर?"

एरवी ह्या प्रश्नावर मी महिनाभर पुरेल अशी गोष्ट सांगितली असती. "तर पडून ऱ्हातो," मी म्हणालो.

माझ्या जन्मात मी इतकी छोटी उत्तरं दिली नव्हती. बाईंनी दोर ओढून बघितला, माझे पाय तपासले, पाठ उघडून कातडी बघितली. पाठीवर कुठं जखम नाही म्हणाल्या, आणि बायकोकडे बघून, "हे तुमचं काम." बायकोला काय करावं सुचेना, ती आत जाऊन गूळ-पाणी घेऊन आली. बाकी काही घ्यायची त्यांना परवानगी नव्हती. पाण्याला कोण नाही म्हणतं! गुळाचा खडाही त्यांनी तोंडात टाकला आणि गृहस्थांनी दोन टाकले.

निघताना मी विचारलं, "मॅडम, काय हुईल?"

"ते मी इथं सांगू शकत नाही. जे बघितलं ते लिहीन." मग उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "फेटा छान होता. पण आमच्यासाठी कोणी घर आवरू नये हो. आवरलेल्या घरात आम्हाला काही दिसत नाही."

जीप गेल्यावर सुभेदार पलंगाच्या कडेला बसून राहिला. मिशी खाली आली होती. जेवायची वेळ झाली तशी बायको पुन्हा मला उचलायला आली, तर त्यानं तिला हातानं बाजूला केलं. "आक्का, सर." आणि स्वतः वाकला. त्याला वाटलं, दाजी म्हणजे फौजेतली पिट्टू पिशवी, पाठीवर टाकली की झालं. अर्ध्यात त्याचा श्वास सुटला, आम्ही दोघं परत पलंगावर.

"दाजी, लय जड हायसा की तुमी!" आणि बहिणीकडे वळून, "आक्का, हे रोज?"

"रोज. सनासुदीला पावनं आल्यावर जास्ती, तवा ह्यांना घरभर मिरवाया लागतंय."

त्यानं लगेच साताऱ्याला फोन करून सांगितलं की मी येत नाही, मला इथं ड्यूटी लागलीय. आणि कागद येईपर्यंत तो खरोखर राहिला. पहाटे उठून शेजाऱ्याकडून उचलायची रीत शिकला, 'एक दो, एक दो' म्हणत मला उचलायचा, खुर्चीत ठेवताना 'विश्राम' म्हणायचा. त्यानं उतार फोडून पुन्हा बांधला, ह्या खेपेला असा निवांत की मी एकटा खाली-वर जातो. म्हैस नाराज आहे. ह्या माणसाचे उपकार मी कशानं फेडणार ते मला ठाऊक नाही. त्याला मी माझ्या बिबट्याच्या गोष्टीत घातलंय, बिबट्याला आता तोच धरतो.

कागद आला. मंजूर. पोरीनं साताऱ्यावरून फोनवर वाचून दाखवला, आणि बायको म्हणाली, "परत वाच." परत वाचला. मग ती आत गेली आणि बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज आला. भांडी सकाळीच घासून झालेली होती.

शेजारी कामावर आला. पोरगी रजा काढून आली, बायकोला सांगलीला घेऊन गेली, आणि ऑपरेशन होऊन बायको परत आली ती उजवा हात गळ्यातल्या झोळीत बांधून. येताच पहिलं काम काय केलं असेल? उंबऱ्यात बसून शेजाऱ्याला शिकवायला लागली. "तसं न्हवं! मान धर मान! आरं उसाची मोळी हाय व्हय ती?"

"वैनी, मोळी बोलत न्हाई," शेजारी म्हणाला. "हे वाटंत मगर सांगत्यात. हसू येतंय, हातातला जोर जातोय."

त्या डॉक्टरबाईंची आठवण आमच्या घरात रोज निघते. त्यांचं पूर्ण नाव आम्हाला माहीत नाही, गावही माहीत नाही. बायको गुळाची ढेप फोडते तेव्हा पहिला खडा बाजूला काढून ठेवते, बाईंचा म्हणून. संध्याकाळी तो मीच खातो, पण आठवण काढून खातो.

ऑपरेशननंतर आठवडाभरानं एका सकाळी बायको माझ्या पलंगाच्या कडेला पाठ करून बसली होती, डाव्या हातानं केस गोळा करत. एक हात झोळीत, एकाच हातानं गाठ पडेना. मी म्हणालो, "हिकडं सरक."

"कशाला?"

"सरक म्हन्तो नव्हं."

मी दोर धरला, छातीपर्यंत वर आलो, लोडाला टेकलो. तिच्या हातातली फणी घेतली. केस पांढरे झालेत आणि विहिरीत सोडण्याइतके राहिलेले नाहीत. पण तीन पेड होतात. पहिला पेड उजवीकडून मधे, दुसरा डावीकडून मधे, हात आपोआप चालायला लागले. तिच्याच साड्या मी ह्याच रीतीनं वळल्या होत्या. शेजारी दारात येऊन थबकला आणि आल्या पावली म्हशीकडे निघून गेला. खाली टोकाला आलो, रिबीन नव्हती, दोराच्या टोकाची अंजिरी चिंधी फाडून बांधली.

तिनं डावा हात मागं नेऊन वेणी चाचपली.

"आवं, लय घट्ट झाली."

"मग? माझा दोर हाय त्यो."

"दावं न्हवं ते, वेनी हाय. डोळं वडल्यागत झाल्यात माझं. सोडा आन परत घाला."

मी सोडली आणि परत घातली.